विहिरीचा निकाल कुठे गेला?

मार्च उजाडला की महाविद्यालयांतून एक परिपत्रक फिरू लागते. २२ मार्च हा जागतिक जलदिन. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९२ साली ठरवला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. विज्ञान शाखेकडे व्याख्यान, राष्ट्रीय सेवा योजनेकडे प्रभातफेरी आणि मराठी विभागाकडे घोषवाक्ये, अशी कामाची वाटणी ठरून गेलेली आहे. आम्ही मराठीचे अध्यापक ही घोषवाक्ये वर्षानुवर्षे पाडत आलो. 'पाणी'शी 'वाणी'चे यमक जुळवून जुळवून आमचीच वाणी कोरडी पडली. एका वर्षी वरून आलेल्या माहितीपत्रकात 'ताज्या पाण्याचे जतन' असा विषय दिलेला होता. कोणीतरी इंग्रजी शब्द कोशात पाहून उचलला होता, हे उघड होते. खाऱ्या पाण्याच्या विरुद्ध 'गोडे पाणी' म्हणावे हे ज्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तिच्यात ताजे पाणी म्हणजे फार तर आज सकाळी हंड्यात भरलेले पाणी. आम्ही हरकत घेतली. भाषेच्या मास्तरांची किरकिर म्हणून ती बाजूला ठेवण्यात आली. असो.

त्याच वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आम्ही एक प्रकल्प दिला होता : आपापल्या गावातले पाण्याविषयीचे शब्द गोळा करून आणा. चांदवड तालुका पाण्याच्या बाबतीत श्रीमंत नाही. शब्दांच्या बाबतीत मात्र आहे. गोडं, खारं, मचूळ, जड, गढूळ, नितळ, शेवाळलेलं, डाळ शिजू न देणारं, साबणाला फेस न येऊ देणारं, बाधणारं... वह्या भरून आल्या. एका विद्यार्थिनीच्या आजींनी सांगितलेले काही शब्द पडताळून पाहावेत म्हणून आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो. आजींनी शब्द सांगितले, चहा दिला आणि निघताना म्हणाल्या, "गेल्या सालीबी एक जण बाटलीत पाणी भरून घेऊन गेला, सर. त्याच्यात काय निघालं ते कोणी सांगाया आलं नाही. आता तुम्ही शब्द न्यायला आले."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहोत. गोड्या पाण्याची गुणवत्ता जपण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांनी एकत्र यावे, या विचाराला आमचा विरोध नाही. उलट त्याच्या बाजूनेच आम्ही बोलणार आहोत. आमचे भांडण आहे ते त्या सहकार्यातून आजींना वगळणाऱ्या सवयीशी, आणि त्या सवयीला साथ देणाऱ्या आमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांशी.

आधी आमच्याच गोटातली गोष्ट. लोकभाषा आणि लोकज्ञान हे शब्द उच्चारले की आमच्या व्यवसायातल्या मंडळींचा कंठ दाटून येतो. आजींच्या जिभेला पाणी कळते, प्रयोगशाळा हवी कशाला, असा सूर चर्चासत्रांतून हमखास लागतो. आम्हीही तो लावला आहे. पण शब्दांच्या त्या वह्या नीट वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. त्यातला प्रत्येक शब्द चवीचा, रंगाचा, वासाचा किंवा चुलीवरच्या अनुभवाचा आहे. जे जिभेला कळते त्याला भाषेने नाव दिले. जे कळत नाही, त्याला नावच नाही. नायट्रेटला चव नाही, रंग नाही, वास नाही. कांद्याला आणि द्राक्षाला घातलेल्या युरियातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून ते झिरपते आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीत उतरते. नितळ, गोड, डाळ सुरेख शिजवणाऱ्या पाण्यातही ते असू शकते. टीसीएल पावडर टाकून ते जात नाही. उकळून तर नाहीच. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते कमी करते आणि मूल निळसर पडते. आजींच्या जिभेवर आमचा कितीही विश्वास असला तरी इथे ती जीभ मुकी आहे. हे मान्य न करणारे लोकज्ञानाचे प्रेम म्हणजे लोकांच्या जिवावर केलेली हौस होय.

मग हे ज्ञान आले कुठून? १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींचे पाणी पाजलेली निळी पडलेली बाळे पाहिली आणि विहिरीतल्या नायट्रेटशी त्यांचा संबंध जोडून दाखवला. तिथून पुढे देशोदेशींच्या नोंदी जमत गेल्या आणि मर्यादा ठरल्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. आपल्या भारतीय मानक १०५०० मध्ये ४५, आणि दुसरा स्रोत नसला तरी त्यात सवलत नाही. चांदवडच्या बाळाचे रक्षण करणारा हा आकडा आयोवाच्या विहिरींतून निघाला आहे. 'परक्यांच्या मोजमापांची आम्हांला गरज नाही' म्हणणाऱ्या स्वाभिमान्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

हा व्यवहार एकतर्फीही नाही. पाण्यात विष्ठेचा अंश आहे की नाही, हे प्रयोगशाळेवाचून ओळखण्यासाठी जी छोटी बाटली आज गावोगाव वापरतात, जिच्यातले पाणी काळे पडले की समजावे की ते पिण्याजोगे नाही, ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांची देणगी. त्यांचा निबंध १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला आणि ती कसोटी अनेक गरीब देशांत पोचली. आयोवाने आपल्याला दिले, ग्वाल्हेरने जगाला दिले. सहकार्य म्हणतात ते हे.

आता आजींच्या बाटलीकडे येऊ. आपल्या देशात नद्यांची आणि भूजलाची गुणवत्ता पद्धतशीर तपासण्याची सुरुवातच मुळी आंतरराष्ट्रीय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यावरण संनियंत्रण व्यवस्थेखाली १९७८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २४ पृष्ठजलाची आणि ११ भूजलाची केंद्रे सुरू केली. आज ती केंद्रे चार हजारांच्या वर गेली आहेत. पुढे १९९५ ते २००३ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून आणि नेदरलँड्सच्या तांत्रिक साहाय्याने जलविज्ञान प्रकल्प झाला. महाराष्ट्र त्यात होता, आणि राज्याचे जलविज्ञानाचे काम जिथून चालते ते कार्यालय नाशिकला आहे, चांदवडपासून पासष्ट-एक किलोमीटरवर. २००६ पासून त्याचा दुसरा टप्पा आला, २०१६ मध्ये राष्ट्रीय टप्पा मंजूर झाला. जगभरच्या पाण्याच्या गुणवत्तेच्या नोंदींचे संयुक्त राष्ट्रांचे भांडार आज जर्मनीत कोब्लेन्झला आहे, मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते तिथे. २०१५ साली ठरलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्ये तर किती जलसाठ्यांचे पाणी चांगले आहे, हा एक स्वतंत्र निर्देशांकच आहे. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याचा आढावा मांडला तेव्हा पंचाहत्तर हजारांहून अधिक जलसाठ्यांची माहिती जमली होती. त्यात जगातल्या सर्वांत गरीब वीस देशांचा वाटा हजाराच्या थोडा वर होता. जिथे पाणी सर्वांत जास्त बाधते, तिथलेच पाणी सर्वांत कमी मोजले जाते.

म्हणजे विहीर ते तालुका, तालुका ते जिल्हा, तिथून राजधानी आणि राजधानीहून परदेश, असा वर जाणारा रस्ता बऱ्यापैकी बांधलेला आहे. खाली येणारा रस्ता कुठे आहे? आजींच्या नातीला घेऊन आम्ही एका कार्यालयात चौकशीला गेलो. तिथल्या गृहस्थांनी अदबीने सांगितले की नमुना तपासला असणार आणि निकाल वर पाठवला असणार. निकाल आता संकेतस्थळावरही असतो, हेही त्यांनी सांगितले. ते खोटे नाही. पण त्या संकेतस्थळावर आपली विहीर शोधायची तर स्रोताचा क्रमांक, इंग्रजी आणि चिकाटी या तीन गोष्टी एकाच वेळी अंगी असाव्या लागतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवे कार्ड लावलेले असते. पण ते विहिरीभोवतीची स्वच्छता आणि साथीचा धोका पाहून दिलेले असते. नायट्रेटविषयी ते काही बोलत नाही, आणि ते बोलत नाही हेही गावाला कोणी सांगत नाही. हिरवे कार्ड पाहून गाव निर्धास्त झोपते.

इथे आम्हांला नोव्हेंबर १९८६ हा महिना आठवतो. त्या महिन्याच्या १ तारखेला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवण्याच्या पाण्याबरोबर टनावारी कीडनाशके ऱ्हाईन नदीत उतरली, पाणी लाल झाले, शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले आणि खाली थेट नेदरलँड्सपर्यंत नदीचे पाणी उचलणे थांबवावे लागले. त्याच महिन्यात आपल्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि लाखोंनी बाया इथल्या माळावर जमल्या. आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला भारताचा पर्यावरण संरक्षण कायदा अंमलात आला. त्याच्या उद्देशिकेत १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा नामनिर्देश आहे. तिन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पुढे काय झाले, याची तुलना करण्याजोगी आहे.

ऱ्हाईनच्या काठच्या देशांचा आयोग १९५० सालीच स्थापन झाला होता. १९६३ साली बर्नला त्याचा करारही झाला. तरीही १९८६ पर्यंत ती नदी युरोपचे गटार म्हणूनच ओळखली जात होती. म्हणजे छत्तीस वर्षे बैठका होत्या, अहवाल होते, आकडे होते. युरोपला जमले कारण तो श्रीमंत आहे, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे व्हावे. श्रीमंत तो १९७० सालीही होता. आगीनंतर काठावरची माणसे संतापून रस्त्यावर आली आणि १९८७ साली कृतिकार्यक्रम ठरला. २००० सालापर्यंत सामन मासा नदीत परत आला पाहिजे, असे त्यात साध्या भाषेत लिहिले. सामन परतला की नाही हे पाहायला कोणालाही रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. तो परतला. १९९३ पासून स्वित्झर्लंड आणि जर्मनी या दोन देशांचे एकच तपासणी केंद्र सीमेवर चालते. आकडा आणि काठावरचा माणूस यांची गाठ पडली, तेव्हाच त्या सहकार्यात जीव आला.

चांदवडच्या अधिवेशनामागचे नेते शरद जोशी हे त्याआधी त्याच बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेच्या नोकरीत होते, आणि ती सोडून ते आंबेठाणला शेती करायला आले. त्यांच्या अर्थविचाराशी आमचे सगळेच जुळते असे नाही. पण त्या टपाल संघटनेकडून एक धडा घेण्याजोगा आहे. १८७४ साली स्थापन झालेली ही संघटना आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या सर्वांत जुन्या आणि यशस्वी नमुन्यांपैकी एक आहे, आणि तिचे तत्त्व सोपे आहे : पत्र कुठूनही टाका, ते पत्त्यावरच्या माणसापर्यंत पोचले पाहिजे. उत्तर आले तर तेही पोचले पाहिजे. विहिरीच्या पाण्याची बाटली हे गावाने जगाला टाकलेले पत्र आहे. त्याचे उत्तर मधल्या कचेऱ्यांत पडून राहत असेल, तर या व्यवस्थेला काहीही म्हणा, सहकार्य म्हणू नका.

यावर साधनांची सबब सांगितली जाते. गावे हजारो, विहिरी लाखो, प्रत्येकीचा निकाल पोचवायचा कसा? ही सबब ऐकून नाशिक जिल्ह्यात तरी हसू आले पाहिजे. आमच्याकडे द्राक्षे आहेत. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्यावर २००३ च्या सुमारास तपासणीची शिस्त आली, २००६ साली ग्रेपनेट आले. निर्यातीच्या प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक असतो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो, आणि निकाल त्याच क्रमांकाने बागाईतदाराला कळतो. रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेली पेटी कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटची, हे सांगता येते. २०१० साली सीसीसीचे अंश सापडले आणि द्राक्षे अडकली, तेव्हा जिल्हाभर केवढी धावपळ झाली हे आम्ही पाहिले आहे. रॉटरडॅम ऱ्हाईनच्याच मुखाशी आहे. म्हणजे ऱ्हाईनकाठच्या ग्राहकाच्या तोंडी जाणारा मणी कोणत्या बागेतला, हे आम्ही सांगू शकतो. ती बाग ज्या विहिरीवर पोसली, त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या बागाईतदाराच्या नातवाला मात्र सांगण्यासारखे आमच्याजवळ काही नाही. साधने होती, तंत्र होते, आंतरराष्ट्रीय सहकार्यही होते. पिणारा आपला होता, एवढेच कमी पडले.

राज्याच्या पाणीकारणातही हीच गत. नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातला जायकवाडीचा वाद आमच्या पिढीने पाहिला. २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपावरून न्यायालये गाजली. सगळे भांडण टीएमसीचे! त्या टीएमसीत काय विरघळले आहे, हे ना देणाऱ्याने सांगितले ना घेणाऱ्याने विचारले. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत ५३ एकट्या महाराष्ट्राचे होते. २०२२ साली देशाची संख्या ३११ वर उतरली. महाराष्ट्राची ५५ वर चढली. नाशिकच्या सोमेश्वरपासून खालचा गोदावरीचा पट्टा २०१८ च्या यादीत सर्वांत वाईट वर्गात होता. आमच्या तालुक्याजवळच्या सातमाळा रांगेवर पडणाऱ्या पावसाचे उत्तरेकडचे पाणी गिरणेतून तापीला आणि पुढे गुजरातेत जाते. दक्षिणेकडचे गोदावरीतून तेलंगण आणि आंध्रापर्यंत. त्यांनी आपल्याला 'काय पाठवता आहात' असे विचारले तर आपण किती पाठवतो तेवढेच सांगू. देशाची रीतही वेगळी नाही. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांच्या करारावर मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. पाणी म्हटले की आपल्याला वाटणी सुचते, गुणवत्ता सुचत नाही.

याचे मूळ आमच्या मते संस्कृतीत आहे, आणि तिथे मराठीच्या अध्यापकांनी तोंड लपवू नये. शुद्ध पाणी ही आपल्याकडे धर्माची कल्पना होती, आरोग्याची नव्हे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. पाण्याची तपासणी इथे होत होतीच. फक्त ती पिणाऱ्याच्या जातीची होत होती. गोदावरीत स्नान केले की पाप धुतले जाते, या श्रद्धेने त्या पाण्यात काय काय धुतले जाते हे विचारू दिले नाही. आणि आमचे साहित्य? मराठी ग्रामीण साहित्याने आटलेल्या विहिरीवर पानेच्या पाने लिहिली. भरलेल्या पण बिघडलेल्या विहिरीवर किती लिहिले, हे ज्याने त्याने आपल्या कपाटापाशी उभे राहून पाहावे. आम्ही पाहिले आणि ओशाळलो.

दोन गटांचे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. एक म्हणतो, हे सगळे जागतिक बँकेचे आणि गोऱ्यांचे कारस्थान. आकडे नेऊन ते आपल्याला पाणी विकतील. कर्जाच्या अटींची चिकित्सा अवश्य करावी. पण आपला आकडा आपल्याच गावाला न सांगण्याची अट कोणत्या बँकेने घातली आहे? ते आमचे आम्हीच ठरवले. दुसरा गट उद्दिष्टांचे क्रमांक पाठ म्हणतो, जलदिनाला बंद बाटलीतले पाणी समोर ठेवून व्यासपीठावर बसतो आणि निर्देशांक सुधारल्याचे समाधान मानतो. आम्ही स्वतः या दुसऱ्या गटात बरीच वर्षे होतो. पहिल्याला जग नको आहे, दुसऱ्याला गाव नको आहे. आजी दोघांच्याही हिशेबात नाहीत.

आमचे मागणे थोडके आहे. ज्या विहिरीतून नमुना घेतला, त्या विहिरीच्या मालकाला किंवा ग्रामपंचायतीला त्याचा निकाल मराठीत, एका कागदावर, ठरलेल्या मुदतीत मिळावा. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. त्यात नुसता आकडा नको. हे पाणी तान्ह्या मुलाला द्यावे की नाही, उकळून उपयोग होईल की नाही, हे स्पष्ट लिहिलेले हवे. परदेशी मदतीच्या प्रत्येक प्रकल्पात किती नमुने वर गेले याच्या शेजारी किती निकाल खाली पोचले हाही रकाना असावा, आणि आपल्या सरकारनेच तो मागावा. भाषा हे आमचे काम. ते आम्ही उचलायला तयार आहोत. 'सामू', 'विद्युतवाहकता', 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी' हे शब्द कोशात नीट असतील, पण भिंतीवर ते मुके आहेत. आजींच्या शब्दांच्या वह्या आमच्याकडे आहेत. त्यांतल्या मचूळ, जड, बाधणाऱ्या पाण्याच्या शेजारी नायट्रेटलाही एक कळेल असे नाव मिळाले पाहिजे. आणि तालुक्या-तालुक्यातल्या महाविद्यालयांनी २२ मार्चची घोषवाक्ये एक वर्ष बंद ठेवून त्याऐवजी वीस विहिरींचे निकाल मिळवून ते घरोघर वाचून दाखवावेत. विज्ञान शाखेने तपासावे, आम्ही लिहू.

मराठीच्या मास्तरांना पाण्यातले काय कळते, असे कोणी विचारील. फारसे कळत नाही. पण प्रश्न विचारलेल्या माणसाला उत्तर मिळाले पाहिजे, एवढे आम्हांला कळते. वर्गात आमचे तेच काम आहे. आजींची नात आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिने माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला आहे, आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले. आजी अजून तेच पाणी पितात.